मुंबई-दुबईला निघताय? आधी तारीख बघा

अंतर साधारण १९३० किमी, बरंचसं अरबी समुद्रावरून, जाताना सव्वातीन तास. हे सगळं मला पाठ होतं, तरी गेल्या खेपेला विमान मला न घेताच गेलं, म्हणून सांगतेय.

तिकीट समोर घ्या. १४ तारीख, ००:४० असं लिहिलंय ना? मग घरातून निघायचं १३ ला. तेरा! मी १४ च्या रात्रीची फ्लाईट समजून निवांत झोपले होते, बॅग सोफ्यावर उघडी, चकल्या परातीत गार व्हायला ठेवलेल्या, आणि पहाटे साडेचारला ताईचा दुबईहून फोन, "अगं कुठेयस, सगळे बाहेर आले की!" पैसे तर गेलेच, वर नो-शो झालं की बऱ्याचदा परतीचं तिकीटही रद्द होतं, माझं झालं. तेव्हा कॅलेंडरवर १४ ला नाही, १३ ला गोल करा आणि गाडीवाल्यालाही १३ च सांगा. पुण्याहून दीडशे किमी, घाटाचा भरवसा नाही, चार तास धरा, वर विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १३ ला संध्याकाळी साडेपाचला गाडी दारात पाहिजे.

पासपोर्ट, व्हिसा वगैरे सांगत बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. खसखस मात्र अजिबात नको, तिकडे बंदी आहे, आणि अनारशांवर खसखस असते हे आपण विसरतो, घरच्या मसाल्यातही असते, म्हणून लाडू-चकल्यांवर भागवा. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, काही गोळ्या तिकडे चालत नाहीत.

तिकिटावर ००:४० ला सुटून ०२:२५ ला पोचतं असं दिसेल. बाबा म्हणाले, पावणेदोन तासांत दुबई? दिल्लीला जास्त लागतात! तर तसं नाही, वेळा त्या त्या गावच्या असतात, दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. अडीचला उतरून मेट्रो मिळायची नाही, टॅक्सी किंवा ताई. ताईला टर्मिनल नंबर कळवा, टर्मिनल २ रनवेच्या पार पलीकडच्या बाजूला आहे.

येताना वारा पाठीशी असतो म्हणून वेळ थोडा कमी, तीनेक तास, पण तो दीड तास घड्याळ परत घेतं, म्हणजे रात्री १० ला निघालात तर मुंबईत अडीच आणि तारीख पुढची. न्यायला येणाऱ्याला पुढची तारीख सांगा. बाकी सामानाचं वजन वगैरे तुमचं तुम्ही बघा, मी चकल्या भरायला घेते, आज १२ आहे, दोनदा बघितलं.