जिना उरलेल्या जागेत कोंबताय? या चुका टाळा

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात जुनी रो हाऊसं पाडून नवीन बांधायची कामं मी बरीच वर्षं बघतोय, सुपरवायझर म्हणून, आर्किटेक्ट नाही. आणि दर वेळी तेच. मालक मोबाइलवर प्लॅन दाखवतो, हॉल झाला, किचन झालं, मास्टर बेडरूम, अटॅच टॉयलेट, देवघर, शू रॅकसुद्धा झालं. आणि जिना? "तो काय हो, बसेल तिकडे कोपऱ्यात." कोपऱ्यात जिना बसत नाही, शिडी बसते.

कागद घ्या. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत साडेदहा फूट धरा, म्हणजे १२६ इंच. चढ, म्हणजे एका पायरीची उंची, ७ इंचाचा ठेवला तर १८ चढ. पाय ठेवायला १० इंच. सरळ एका दमात नेला तर नुसत्या पायऱ्यांचीच लांबी १७० इंच (चढ १८ पण पायऱ्या १७, अठरावा चढ वरच्या फरशीवरच पोचतो), १४ फुटांच्या वर, खाली-वर उभं राहायची जागा वेगळी. मध्ये वळवून डॉगलेग केला तर ३ फुटांचं लँडिंग, म्हणजे वळणावरची सपाट जागा, धरून लांबी पावणेदहा फूट आणि रुंदी साडेसहा, म्हणजे साठ-पासष्ट स्क्वेअर फूट गेलेच. एवढी जागा आधी काढून ठेवायची आणि मग खोल्या पाडायच्या, उलटं नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घराच्या जिन्याला चढ जास्तीत जास्त १९० मिमी आणि पाऊल कमीत कमी २५० मिमी दिलंय, पण ती शेवटची हद्द आहे, लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मग "अजून थोडं ओढा ना" म्हणतात.

जागा कमी पडली की पुढची आयडिया ठरलेली, लँडिंग काढा आणि तिथे त्रिकोणी पायऱ्या टाका. वाचतात किती, तर दोनेक फूट. त्या पायरीला आतल्या बाजूला पाऊल उरतं दोन इंच, आणि घरातली आजी कठडा धरून नेमकी आतल्या बाजूनेच उतरते. मी तरी आता सरळ नाही सांगतो, हवं तर किचन लहान करा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ही इतकी कॉमन आहे की दहातली चार घरं मी नुसती चढून ओळखतो. माझ्या सख्ख्या बहिणीचं घर. शटरिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याला, मी तोंडी सांगितलं, ७ इंचाचे १८, आणि दुसऱ्या साइटवर निघून गेलो. त्याने बरोबर ७ चे १८ केले, त्याची काही चूक नाही. नंतर दोन्ही मजल्यांवर बेड (टाइलखालचा मसाल्याचा थर) आणि टाइल मिळून ३ इंच चढले, पायऱ्यांवर मात्र मसाला आणि ग्रॅनाइट मिळून दीडच इंच. त्यामुळे पहिली पायरी झाली साडेपाच इंचाची आणि शेवटचा चढ साडेआठचा. डोळ्याला काही कळत नाही, पायाला कळतं. सोळा वेळा सात-सात इंच उचललेला पाय सतराव्यांदाही तेवढाच उचलला जातो आणि मग अंगठा दगडाच्या धारेवर. वास्तुशांतीच्या दिवशी आमची मावशी बासुंदीचं पातेलं घेऊन वर निघाली आणि बरोबर त्या शेवटच्या चढाला अडकली. मावशी वाचली, गुडघ्यावर निभावलं, पण बासुंदी वरपासून लँडिंगपर्यंत, आणि दोन दिवस मुंग्या. नंतर रेलिंग कापलं, सगळं ग्रॅनाइट उखडलं, खाली जाड बेड देऊन पायऱ्यांवरही ३ इंच केले आणि रेलिंग परत वेल्ड केलं. खर्च माझ्या खिशातून, बहीण अजून ऐकवते.

तेव्हापासून शटरिंग लागायच्या आधी मी पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन कॉलमवर खालच्या तयार फरशीची लाल खूण करतो, तिथून टेप लावून वरच्या तयार फरशीची, आणि मधली उंची भागून अठराही रेघा मारतो. कास्टिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट, त्या रेघांच्या किती खाली राहील ते फिनिश किती जाड त्यावर ठरतं, म्हणून टाइल आणि दगड आधी ठरवा. "टाइल नंतर बघू" म्हणणाऱ्या मालकाशी मी वाद घालत नाही, काम थांबवतो.

वर भाडेकरू ठेवायचाय म्हणून बाहेरून जिना काढायचा, हे ठीक, पण त्यावर छप्पर पाहिजेच. आपल्याकडचा पाऊस बघता जुलैत त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि वर गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट असेल तर विचारूच नका.

डोक्यावरचा बीम बघा, कोडप्रमाणे २.२ मीटर मोकळं हवं. दोन्हीकडे शेजाऱ्याच्या भिंती असतील तर मधला जिना भर दुपारी अंधारा, वरून उजेड घ्या. टू-वे स्विच खाली आणि वर.

लोखंडी गोल जिना रीलमध्ये भारी दिसतो, गोदरेजचं कपाट त्यावरून नेऊन दाखवा.

वास्तूवाल्यांनी विषम आकडा सांगितला तर भांडू नका, १८ चे १९ करा. १७ करू नका, चढ सात-साडेसातच्या मध्ये जातो आणि घरातले म्हातारे तुम्हाला शिव्या घालतात.

आणि प्लॅन फायनल करायच्या आधी एक खडू घ्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवर जिना आहे त्या मापाचा जमिनीवर काढा, प्रत्येक पायरीची रेघ मारा, आणि एकाला बादली हातात देऊन समोरून यायला सांगा. परवा घणसोलीत एका घाईतल्या मालकाला असं काढून दाखवलं. अडीच फुटी जिन्यात बायको समोरून बादली घेऊन आली, हा भिंतीची रेघ ओलांडून शेजारच्या हॉलमध्ये. दोनदा तसंच झालं, मग म्हणाला, शू रॅक काढून टाकूया.