गणपतीला गावी जाण्याआधी खिडक्यांचा बंदोबस्त

कोकणात जायचं रेल्वेचं तिकीट 60 दिवस आधी काढता येतं. ते हातात पडलं की खिडक्यांचं कामही त्याच आठवड्यात हलवावं. श्रावण उजाडला की ॲल्युमिनियमवाला फोन उचलत नाही, आणि ग्रिलवाला "उद्या येतो" म्हणता म्हणता पंधरवडा काढतो. दाराचं सगळेच बघतात. सेफ्टी डोअर, लॅच, वरून एक टपोरं कुलूप. खिडकीच्या बाबतीत मात्र "ग्रिल आहे ना" एवढ्यावर विषय संपतो. ग्रिल हवंच, पण त्याच्याआड असलेला पल्ला कसा बंद होतो याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, आणि न्हाणीघराच्या खिडकीला तर बऱ्याच घरांत ग्रिलही नसतं.

पहिलं काम घरात नाही, खाली अंगणात आहे. दिवसाउजेडी बिल्डिंगला एक फेरी मारा आणि आपल्या कोणत्या खिडकीपर्यंत माणूस पोहोचू शकतो ते बघा. तळमजला आणि सर्वांत वरचा मजला धोक्याचा, हे खरंच. वरच्याला गच्चीवरून छज्ज्यावर उतरता येतं. पण मधले मजलेही सुटत नाहीत. सांडपाण्याचे पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड, वॉचमनच्या केबिनचं छप्पर, खिडकीपर्यंत आलेली आंब्याची फांदी, हे सगळं हिशेबात धरा. पहिल्या मजल्यावरच्यांनी बसवलेलं पेटीसारखं बाहेर काढलेलं ग्रिल म्हणजे दुसऱ्या मजल्यासाठी तयार पायरी असते, आणि ती काढा असं शेजाऱ्याला सांगता येत नाही. मग डक्टमध्ये डोकावा. संडास-बाथरूमच्या खिडक्या तिथे उघडतात, पाइप थेट वरपर्यंत जातात, आणि तिथे ना दिवा असतो ना कोणाची नजर. माझ्या मते यादीत या खिडक्या पहिल्या लिहाव्यात आणि रस्त्यावरची हॉलची खिडकी शेवटी. आपण नेमकं उलट करतो, कारण हॉलची खिडकी पाहुण्यांना दिसते.

बिल्डिंगला दुरुस्ती किंवा रंगकाम लागलं असेल तर मात्र सगळे मजले सारखेच. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. त्यामुळे जुन्या सोसायट्यांत कधी ना कधी बांबूची परांची उभी राहतेच, आणि वरून हिरवी जाळी. जाळीच्या आत कोण चढतंय ते समोरच्या बिल्डिंगलाही दिसत नाही. गणपतीत परांची उभी राहणार असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये आधीच विषय काढा: कामगारांची नावं आणि फोटो गेटवर असावेत, काम संपल्यावर खालच्या दोन टप्प्यांच्या फळ्या आणि शिडी रोज काढून ठेवावी, परांचीवर रात्री दिवा असावा. मीटिंगमध्ये चहा-सामोशाबरोबर हे मंजूर करून घेणं सोपं असतं, नंतर प्रत्येकाच्या मागे लागणं कठीण.

आता घरात या आणि सरकत्या खिडकीसमोर उभे राहा, कारण आज मुंबईत बहुतेक घरांत तीच आहे. खिडकी बंद करा, लॉक लावा, आणि दोन्ही तळहातांनी पल्ला वर ढकलून बघा. बसवताना कारागीर पल्ला वरच्या खोबणीत सारतो आणि मग खाली ट्रॅकवर सोडतो. काढतानाही तसाच वर उचलून खालून बाहेर ओढतो. वर जास्त मोकळी जागा राहिली असेल तर लॉक असो वा नसो, पल्ला अख्खा निघू शकतो. खालचे रोलर झिजले की पल्ला खाली बसतो आणि ही जागा आणखी वाढते, त्यामुळे जुनी खिडकी याबाबतीत नव्यापेक्षा कच्ची. आधी रोलर बदला. मग वरच्या खोबणीत दोन-तीन ठिकाणी स्क्रू असे बसवून घ्या की पल्ला त्यांच्या खालून जेमतेम सरकेल, पण वर उचलला तर अडेल. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि यादीतलं एकच काम करणार असाल तर हेच करा.

त्यानंतर लॉक. खिडकीबरोबर येणारा चंद्रकोरीच्या आकाराचा किंवा दाबून लागणारा लॉक वाऱ्याने खिडकी उघडू नये म्हणून ठीक असतो. दोन-चार वर्षांत तो ढिला होतो आणि पल्ला हलवत राहिलं की सुटतो. त्याच्या जोडीला पिन हवी. दोन्ही पल्ले बंद असताना मधोमध त्यांच्या उभ्या पट्ट्या एकमेकींवर येतात. तिथे आतल्या पट्टीतून आरपार आणि बाहेरच्या पट्टीत अर्ध्यापर्यंत भोक पाडायचं आणि त्यात स्टीलची पिन घालायची. दोन्ही पल्ले एकमेकांना जखडले जातात. भोक किंचित खालच्या दिशेने तिरकं असावं, म्हणजे ट्रकच्या हादऱ्याने किंवा कोणी पल्ला हलवल्याने पिन बाहेर पडत नाही. काच पट्टीच्या आत थोडी शिरलेली असते हे ड्रिल लावण्याआधी कारागिराला आठवण करून द्या. त्यालाही माहीत असतं, पण घाईत राहून जातं. चार इंच उघड्या स्थितीत बसेल असं दुसरं भोकही पाडून घेता येतं, घरात असताना हवेसाठी. गावी जाताना मात्र पिन पहिल्याच भोकात.

ट्रॅकमध्ये दांडका घालायची पद्धतही चांगली आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. दांडका आतल्या ट्रॅकवरचा पल्लाच अडवतो. बाहेरचा पल्ला मोकळाच राहतो, म्हणून पिन चुकत नाही. आणि झाडूचा दांडा कापून घालू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून अडकतं. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप मापात कापून घ्या, दोन-तीन मिलिमीटर कमी. ट्रॅकच्या कडेला पाणी बाहेर जायची छोटी भोकं असतात, ती पाइपने किंवा सिलिकॉनने बुजवू नका, नाहीतर चोर राहिला बाजूला आणि भाद्रपदातल्या एका सरीने हॉलभर पाणी. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्राच्या हवेत साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये लवकर सडतो. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जायची सवड असेल तर तिथे हवं ते माप मिळतं, नसेल तर नाक्यावरचं हार्डवेअरचं दुकान पुरे. डासांची जाळी बंदोबस्तात धरू नका, ती ब्लेडने कापली जाते.

बाथरूममधल्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी यादीत वर का लिहिली ते तिच्याकडे जवळून बघितल्यावर कळतं. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यांत नुसत्या बसवलेल्या असतात. चिमटा जरा वाकवला की पट्टी न फुटता, आवाज न करता बाहेर सरकते, आणि चार-पाच पट्ट्या काढल्या की बारीक चणीचा माणूस आत. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना चिकटवण लावून घ्या. पण खरा उपाय म्हणजे आतल्या बाजूने बसवलेलं ग्रिल. एक्झॉस्ट फॅन काढून नुसता पुठ्ठा लावलेलं गोल भोक आणि जुना विंडो एसी काढल्यावर प्लायवूडने झाकलेली चौकट, यांचंही तेच.

गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतल्या लाकडी खिडक्यांची गोष्ट वेगळी. तिथले उभे गज जाड आणि चौकटीत पक्के असतात, पण चौकट वाळवीने खाल्लेली असली तर गज सहज निघतो. गज हाताने हलवून बघा, खालच्या टोकाला चौकटीत पेचकस टोचून बघा. झडपांच्या बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला असतील तर त्यांची खीळ ठोकून काढता येते. सुताराकडून तिचं टोक चेपून घ्या. पावसाने झडप फुगते आणि बोल्ट भोकात उतरत नाही, मग तो तसाच अर्धवट सोडला जातो. निघायच्या दिवशी रंधा मारत बसण्यापेक्षा आषाढातच ते करून घ्यावं. आणि चाळीत किंवा कॉमन पॅसेजच्या बिल्डिंगमध्ये दाराशेजारची खिडकी: तिच्यातून हात घातला तर दाराच्या कडीपर्यंत पोहोचतो का? पोहोचत असेल तर कडीची जागा बदला किंवा गजांमागे जाड जाळी मारा. खिडकीजवळच्या खिळ्यावर किल्ल्या टांगायची सवय ज्यांची आहे त्यांना वेगळं सांगायला नको. काठी घालून मोबाइल आणि खुंटीवरची पँट ओढणाऱ्याला तर खिडकी उघडावीही लागत नाही.

ग्रिलचं बोलायचं तर डिझाइनपेक्षा ते भिंतीत कसं धरलंय ते महत्त्वाचं. बाहेरून स्क्रूने कसलेलं ग्रिल बाहेरूनच उघडतं. स्क्रूचं डोकं वेल्ड करून घ्या किंवा घासून बोथट करा. भिंतीत जिथे पाय गाडलेले असतात तिथे गंज आधी पकडतो, आणि वरून ऑइलपेंटचे थर असल्यामुळे तो दिसत नाही. हातोडीने हलकेच ठोका, खपली पडली तर वेल्डिंगवाल्याला दाखवा. स्टेनलेस स्टीलचं ग्रिल दिसायला छान आणि गंजायचं नाही, पण पातळ पोकळ पाइपचं असेल तर करवतीपुढे टिकत नाही. भरीव सळी घ्या, दोन सळ्यांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको.

ग्रिल पूर्ण बंद करू नका, हे मात्र चोरापेक्षाही महत्त्वाचं आहे. आग लागली आणि जिन्यात धूर भरला तर अग्निशमन दल खिडकीतूनच आत येणार किंवा तुम्हाला बाहेर काढणार. निदान एका ग्रिलला माणूस जाईल एवढा उघडणारा भाग हवा, आतून कुलूप लावलेला. त्याची किल्ली खिडकीतून हात पोहोचणार नाही पण घरातल्या सगळ्यांना अंधारातही सापडेल अशा जागी. आजी-आजोबा मुंबईतच राहणार असतील तर ते कुलूप त्यांच्या हाताने उघडून बघू द्या. वर्षभर न उघडलेलं कुलूप ऐनवेळी गंजलेलं निघतं, म्हणून आत्ताच त्यात तेल सोडा.

अलार्मची हौस असेल तर चुंबकाचा छोटा सेन्सर डक्टकडच्या खिडकीला लावा. एक तुकडा चौकटीला, एक पल्ल्याला, दोघांत अंतर पडलं की वाजतो. सेल नवे घाला. रिकाम्या मजल्यावर तो ऐकायला कोणी नसेल तर उपयोग नाही, म्हणून शेजाऱ्यांना आधी एकदा वाजवून दाखवा. कॅमेऱ्याचं मला फारसं कौतुक नाही; तो झालेलं दाखवतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घाईत काहीतरी सुटतंच, म्हणून खिडक्यांचं काम एकाच माणसाकडे द्या. त्याने एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक खिडकीचा लॉक, पिन, पाइप हाताने तपासायचा. कपडे वाळत घालायची जागा शेवटी, कारण तिथली खिडकी सकाळी पुन्हा कोणीतरी उघडणारच. दागिने आणि महत्त्वाचे कागद बँकेच्या लॉकरमध्ये, कपाटातल्या साडीच्या घडीत नाही. दूध-पेपर बंद, वॉचमनला तारखा तोंडी, सोसायटीच्या ग्रुपवर नाही. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवत असाल तर कोणती खिडकी कशी बंद केली आहे तेही सांगून ठेवा, म्हणजे मधे एकदा डोकावल्यावर पल्ला हललाय का ते त्यांना कळेल.

आणि परतल्यावर खिडकी फोडलेली दिसलीच, तर आत जाऊ नका. माणूस अजून आत असू शकतो. 112 ला फोन करा. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 305 लागतं आणि घरफोडीला 331. काय गेलं याची यादी लगेच मागतात, तेव्हा दागिन्यांचे फोटो आणि पावत्या फोनमध्ये आधीच असू द्या. पंचनामा आणि ठसे घेणं होईपर्यंत लॉक, चौकट, ग्रिल कशाला हात लावू नका, आणि खाली पडलेल्या काचाही झाडू नका.