सव्हॅनात नवीन आलात? आधी अडत्यांचे पूल बघा

अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या सव्हॅनात राहायला येताय, तर घर पूलर या उपनगरातच बघा. दुकानं, विमानतळ सगळं हाताशी, गाडी लावायची चिंता नाही. जुन्या गावातलं विटांचं घर पाहून जीव अडकेल, पण तिथे बाहेरून दिसणारी खिडकी बदलायची तरी मंजुरी लागते. मीही त्या मोहात पडलो होतो. भाडेकरूच होतो म्हणून सुटलो.

मात्र सामान लागलं की पहिल्याच रविवारी सकाळी बे स्ट्रीटवर या. नदीकाठच्या इमारती वरून बुटक्या दिसतात, खाली उतरून पाहिलं तर चांगल्या उंच. खाली पूर्वी कापसाची गोदामं, वर अडत्यांच्या कचेऱ्या, आणि मधल्या गल्लीवर लोखंडी पूल. गल्लीचं नाव फॅक्टर्स वॉक. फॅक्टर म्हणजे आपला अडत्याच. मी अकोल्याचा, मला हे समजावून सांगावं लागलं नाही: आधी उचल द्यायची, माल आपल्याकडे घ्यायचा, विकून अडत कापायची. 1887 च्या लाल कॉटन एक्स्चेंजमध्ये पुढे भाव फुटू लागला.

एवढाच फरक, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी कापूस वेचणारे हात गुलामांचे, विकत घेतलेले होते. 1859 च्या मार्चमध्ये याच गावाबाहेरच्या रेसकोर्सवर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसांचा लिलाव झाला. इमारती बघताना हे विसरू नका.

1861 ला उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत ती यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने ही बंदरं कोंडली, आणि विलायतेच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला युद्ध थांबलं आणि मुंबईतल्या पेढ्या पटापट बुडाल्या. म्हणजे तुमची-माझी या गावाशी ओळख जुनीच आहे.

हे सगळं आज उभं आहे ते नशिबाने नाही. 1954 मध्ये एलिस स्क्वेअरमधली मंडई पाडून तिथे पार्किंगची इमारत उठवली. पुढच्या वर्षी 1820 च्या डेव्हनपोर्ट हाउसवर तीच पाळी आली, तेव्हा गावातल्या सात बायकांनी पैसे उभे करून ते वाचवलं. ती पार्किंगची इमारतही अखेर गेली. 2010 पासून तिथे पुन्हा चौक आहे आणि गाड्या जमिनीखाली. गाडी तिथेच लावा.

खाली नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटला चपला नको, बूट घाला. जहाजांनी तोल राखायला आणलेले दगड तिथे अंथरलेत, आणि उतरायच्या पायऱ्या उभ्या आहेत; आजी-आजोबा सोबत असतील तर लिफ्टनेच न्या. पलीकडच्या काठाला जाणारी फेरी फुकट आहे. वसंतात बारीक चिलटं चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे 17 मार्चचा आयरिश सण; त्या आठवड्याच्या गर्दीत गावात फिरकूच नका.

कापूस गेला, बंदर नदीत वरच्या अंगाला गार्डन सिटीला सरकलं, पण जहाजांची वाट तीच आहे. नदीकाठच्या बाकावर थोडं थांबा. गोदामांपेक्षा उंच कंटेनर रचलेलं जहाज इतक्या जवळून जातं, की हातातली कॉफी तशीच गार होते.