जहाजाच्या पाठीवर लिहिलेलं नाव जहाजाचं नसतं

सागरी इतिहासात संशोधन करायला निघालेली मुलं हल्ली एक विषय हमखास घेऊन येतात: एके काळचं कामाचं जहाज आणि पुढे त्याचं झालेलं प्रवासी शिडाचं जहाज. विषय देखणा आहे, फोटो छान येतात आणि गाईडसुद्धा सिनॉप्सिसवर पटकन सही करतात. माझा प्रबंध यावरच झाला. त्यात जे हाल झाले ते अजून अंगावर आहेत, म्हणून लिहितेय. बार्क आणि स्कूनर या शिडाच्या जहाजांमधला फरक, नोंदणीचं टनेज कसं वाचायचं वगैरे तुम्हाला येतं असं धरते.

मी जर्मन लाइटशिप घेतल्या होत्या, म्हणजे दीपनौका. आपल्याकडेही दीपस्तंभ आणि दीपनौकांचं महासंचालनालय आहे, पण प्रत्यक्ष दीपनौका पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटतो. जिथे दीपस्तंभ बांधणं जमत नाही अशा उथळ, वाळूच्या जागी नांगर टाकून वर्षानुवर्षं उभं राहायचं आणि दिवा दाखवायचा, एवढंच तिचं काम. समुद्रात रोवलेले मनोरे आणि स्वयंचलित बोये आले तसतशा त्या निवृत्त झाल्या. काही भंगारात गेल्या, काहींवर शिडं चढली. शिडांसाठी नेमक्या याच का? वादळ आलं की बाकीची जहाजं बंदर गाठतात, ही मात्र जागेवर उभी राहून मार खायची, त्यामुळे अंगच दणकट. रिव्हेट मारलेले पत्रे, शिडाच्या जहाजासारखा खोल तळ, आणि पोटात कधी कोळसा-खनिजाची आदळआपट झालेली नाही.

‘युरोपा’ घ्या. हॅम्बुर्गच्या श्टुल्कन गोदीत १९११ मध्ये बांधलेली ‘सेनाटोर ब्रोकेस’ ही एल्बे नदीच्या मुखावरची दीपनौका. १९७७ पर्यंत सेवेत होती. ऐंशीच्या दशकात एका डच माणसाने उरलंसुरलं जहाज विकत घेतलं, १९९४ मध्ये ती तीन डोलकाठ्यांची बार्क होऊन बाहेर पडली आणि आज प्रवाशांना घेऊन अंटार्क्टिकापर्यंत जाते. प्रवासी दोर ओढतात, सुकाणू धरतात, पहारा देतात. आता तिच्याबद्दल छापलेलं काहीही वाचा. १९९४ नंतरच्या सफरींवर पानंच्या पानं, आणि दीपनौका म्हणून काढलेली सहासष्ट वर्षं एका ओळीत! तुमचा प्रबंध त्या ओळीत आहे. जेवणाच्या टेबलावर ऐकलेल्या कॅप्टनच्या गोष्टींवर प्रकरणं लिहिणारे लोक मी पाहिलेत. गोष्टी रंगतदार असतात, व्हायवात एक टिकत नाही.

आता सापळा. इथे माझे महिने वाया गेले, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

जर्मन दीपनौकेच्या अंगावर ठळक पांढऱ्या अक्षरांत जे लिहिलेलं दिसतं ते जहाजाचं नाव नसतं, ते जागेचं नाव असतं. ‘एल्बे १’ म्हणजे एल्बेच्या मुखाजवळचं एक ठाणं. तिथे जे जहाज उभं असेल त्याच्यावर ‘एल्बे १’. ते दुरुस्तीला गोदीत गेलं की राखीव जहाज येणार आणि तेवढे दिवस तेच ‘एल्बे १’. म्हणजे अर्काइव्हमध्ये ‘एल्बे १’चे तीन फोटो मिळाले तर ती तीन वेगळी जहाजं असू शकतात. २७ ऑक्टोबर १९३६ रोजी ‘एल्बे १’ वादळात उलटून बुडालं, त्यावरचे पंधराच्या पंधरा जण गेले. ते जहाज होतं ‘ब्युर्गरमाइस्टर ओ’स्वाल्ड’. आणि आज कुक्सहाफेनला संग्रहालय म्हणून उभं असलेलं ‘एल्बे १’? त्याचंही नाव ‘ब्युर्गरमाइस्टर ओ’स्वाल्ड’च, पण ते दुसरं, १९४८ मध्ये कामावर आलेलं. ठाणं तेच, नाव तेच, जहाज वेगळं. घाईत टिपण काढणारा माणूस बुडालेल्या जहाजाला सरळ संग्रहालयात नेऊन उभं करतो.

‘नोर्डरलिख्ट’ची तीच कथा. १९१० ची, फ्लेन्सबुर्गला बांधलेली, आज दोन डोलकाठ्यांची स्कूनर म्हणून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या बर्फात प्रवासी नेणारी. ती पूर्वी ‘काल्कग्रुंड’ होती असं सगळीकडे वाचाल. काल्कग्रुंड ही फ्लेन्सबुर्गच्या खाडीच्या तोंडाशी असलेली उथळ जागा. १९६३ पासून तिथे त्याच नावाचा दीपस्तंभ आहे. नुसतं नाव टाकून शोधलंत तर जागा, मनोरा आणि जहाज यांची खिचडी हाती येते.

सगळ्यात वाईट राखीव जहाजं. ‘अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट’, ती हिरव्या शिडांची, १९०६ मध्ये ब्रेमेनला ‘रिझर्व्ह सोंडरबुर्ग’ म्हणून बांधली गेली. जर्मनी-डेन्मार्क सीमा ठरवणाऱ्या १९२० च्या सार्वमतानंतर सोंडरबुर्ग गाव डेन्मार्कला गेलं, मग जर्मन जहाजावर ते नाव कसं राहणार? पुढे ‘रिझर्व्ह फेमार्नबेल्ट’ झालं. १९८८ मध्ये बार्क होईपर्यंत या जहाजाचा माग एकाच नावाने काढू म्हणाल तर विसरा.

उपाय कंटाळवाणा आहे. गोदीचा बांधणी क्रमांक मिळवा, तो बदलत नाही. मग फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवून भिंगाने बघा: पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचं भोक कुठे आहे, पोर्टहोल किती आणि कोणत्या अंतरावर, पत्र्यांच्या सांध्यावरची रिव्हेटची ओळ कुठे तुटते. रंग आणि अक्षरं बदलतात, दिव्याचा मनोराही बदलतो. भोकं सहसा जागची हलत नाहीत. जहाजावर जायला मिळालं तर आधी खाली जा. जुन्या रिव्हेटच्या ओळी जिथे संपतात आणि वेल्डिंगचा गुळगुळीत सांधा सुरू होतो, तिथे मूळ किती उरलंय ते डोळ्यांनी दिसतं.

कागदांबद्दल एवढंच. या सरकारी नौका, त्यामुळे व्यापारी जहाजांच्या नोंदवह्यांत डोकं घालून सहसा फार काही मिळत नाही. १९२१ मध्ये जर्मनीतले जलमार्ग राज्यांकडून केंद्राकडे गेले, त्यामुळे ‘सेनाटोर ब्रोकेस’सारख्या जहाजाची आधीची कागदपत्रं हॅम्बुर्गच्या राज्य अभिलेखागारात शोधायची आणि नंतरची जलमार्ग खात्याच्या दप्तरात. जहाज पुढे डच मालकाकडे गेलं असेल तर डच वर्तमानपत्रं मात्र ‘डेल्फर’ या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट वाचता येतात.

जुनं जर्मन हस्ताक्षर शिकावंच लागेल. मशीनकडून वाचून घेऊ म्हणणारे ठाण्याचं नाव आणि जहाजाचं नाव यांत हटकून गोंधळ घालतात, कारण मशीनला तो फरक ठाऊकच नसतो. घाबरू नका, लिपी वाटते तेवढी अवघड नाही. दोन पानं रोज वाचली की डोळा बसतो. जर्मन बोलता आलं नाही तरी चालतं, मला आजही धड येत नाही.

गाईडबद्दल माझं मत कडू आहे. माझ्या पहिल्या गाईडनी जहाजाचं नाव प्रसिद्ध आहे की नाही एवढंच विचारलं. त्यापेक्षा संग्रहालयात फुकट राबणारे निवृत्त खलाशी धरा. असे एक आजोबा फोटोवर बोट ठेवून सांगायचे, “हे नाही, त्या वर्षी ते गोदीत होतं,” आणि गोदीची वही काढली की नेमकं तसंच निघायचं. मात्र त्यांचं म्हणणंही वहीशी ताडल्याशिवाय प्रबंधात घेऊ नका.

पैशांची काळजी सुरुवातीला करू नका. बरंचसं काम ईमेलवर होतं आणि अभिलेखागाराची माणसं उत्तर देतात, फक्त प्रश्न नेमका हवा. “या जहाजाबद्दल माहिती द्या” असं लिहिलंत तर माहितीपत्रक येईल. बांधणी क्रमांक, गोदीचं नाव आणि पाच-सहा वर्षांचा टप्पा लिहून पाठवा, मग फाइलींची यादी येते. त्या यादीत राखीव नौकांच्या ठाणेबदलाची वही असेल तर आधी तिचीच स्कॅन प्रत मागवा, बाकीचं नंतर.