आधी उलटा करा, मग किंमत बघा

ठाण्याच्या नौपाड्यात माझं अल्टरेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन शिलाई मशीन आणि एक इंटरलॉक, म्हणजे कापडाची कड उसवू नये म्हणून दोऱ्याने गुंफणारं मशीन. गोखले रोड, राम मारुती रोडवर खरेदी झाली की पुष्कळ पिशव्या घरी जायच्या आधी माझ्याकडे येतात. "काकू, हा महागात तर नाही ना पडला?" असं कोणी विचारलं तर मी किंमत विचारत नाही. कपडा उलटा करते. दुकानात तुम्हीही तेच करा, ट्रायल रूममध्ये कोणी बघायला येत नाही.

सगळ्यात आधी मार्जिन बघा, म्हणजे शिवणीच्या आत किती कापड ठेवलंय ते. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत इंचभर आणि कुर्त्याच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा इंच कापड असेल, तर तुमचं अंग सुटलं तरी कपडा वाया जात नाही. बऱ्याच रेडिमेड कुर्त्यांत कापड शिवणीलगत छाटून वरून इंटरलॉक मारलेलं असतं. असा कुर्ता घेऊन "थोडा सैल करा" म्हणणाऱ्या बायका रोज येतात. आत कापडच नाही तर उसवून देऊ काय? म्हणून बिनमार्जिनचा कपडा आज अंगाला घट्ट बसत असेल तर घेऊच नका, एक माप मोठा घ्या. सैल कपडा आत घेता येतो, तोही थोडक्या पैशात.

मग टाके. अंगठ्याचं वरचं पेर साधारण इंचभर असतं, ते शिवणीवर ठेवून मोजा. शर्टाला इंचात दहा-बारा टाके असले तर काम नीट झालंय. सात-आठच दिसले तर कारखान्याने घाई केली आहे. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलकेच ताणा. मधून दोऱ्याचे दात दिसायला लागले तर बसता-उठता तीच शिवण आधी जाणार. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशाचे चौकोन अंगाच्या चौकोनांशी जुळतात का, हेही बघा. जुळवायला कापड जास्त लागतं. जो तिथे कंजुषी करत नाही तो सहसा आतही करत नाही.

गंमत म्हणजे लोक कपडा नाकारतात तो नेमक्या चुकीच्या कारणासाठी. बटण लोंबतंय, खालची दुमड सुटलीय, लांबी जास्त आहे. ही सगळी किरकोळ कामं. उलट खांदा उतरलाय हे दिसत असूनही "चालेल" म्हणतात! खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही काढायची, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोलावा, नव्याने कापायचा, बाही परत बसवायची. त्याचे पैसे मागितले की स्वस्तातल्या शर्टाची किंमत ऐकायला मिळते. कॉलरचंही तसंच. आतलं फ्यूजिंग, म्हणजे कडकपणासाठी चिकटवलेला थर, सुटून कॉलरवर फुगे आले की इस्त्रीने ते बसत नाहीत. टीशर्टची बाजूची शिवण सरळ खाली न येता पोटाकडे वळत असेल तर कापडालाच पीळ आहे, धुतल्यावर तो वाढेल. खांदा निदान पैसे घालून होतो, या दोन्हींवर मात्र माझ्याकडे इलाज नाही.

कापड बोटांना मऊ लागलं म्हणून भुलू नका. नुसती वरची फिनिशिंग असेल तर तो मऊपणा दोन-चार धुण्यांत जातो. आतलं लेबल वाचा. कॉटन-पॉलिएस्टर मिक्स लवकर वाळतं, चुरगळत कमी, पण घासलं गेलं की त्यावर बारीक गोळे येतात आणि पॉलिएस्टरचा धागा चिवट असल्याने ते गोळे गळूनही पडत नाहीत. ठाण्याहून लोकलने जाणाऱ्यांच्या शर्टावर हे गोळे कुठे येतात माहीत आहे? पोटावर. गर्दीत सॅक पुढे घेतात ना! रोजच्या प्रवासाला दाट विणीचं साधं कॉटन बरं. फक्त ते पहिल्या धुण्याला आटतं, तेव्हा लांबी कमी करून घ्यायची असेल तर एकदा धुऊन मगच आणा. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूला घासून बघा. लेगिंग किंवा स्ट्रेच जीन्सचा गुडघा ताणून सोडा, लगेच मागे आला पाहिजे.

आता हिशेब. सातशेचा शर्ट तीस वेळा घालून कॉलर फाटली तर एका वेळेला तेवीस रुपये पडले. सोळाशेचा एकशेवीस वेळा टिकला तर तेरा. इथवर बरेच जण येतात, पुढचं विसरतात. लिननला प्रत्येक वेळी इस्त्री लागते, तिचे दहा रुपये धरा. ड्रायक्लीनवाल्या कपड्याचा तर खरेदीपेक्षा धुलाईचा खर्च वर जाऊ शकतो. आणि जाड अस्तराचा, न वाळणारा कपडा जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या बंद बाल्कन्यांत कुबट वास धरतो, म्हणजे ते महिने वजाच करा.

टॅक्सचंही एक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या नगाला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर 18 टक्के. म्हणजे टॅक्सआधीची किंमत 2500 असेल तर एकूण 2625 होतात, 2600 असेल तर थेट 3068. वरच्या शंभरात तुम्हाला कापड शंभराचंच मिळतं. त्या हद्दीच्या किंचित वरचा कपडा मला तरी कधी पटत नाही. घ्यायचाच तर चांगला वरचा घ्या.

लग्नाच्या कपड्यांना हा हिशेब लावू नये असं म्हणतात. मी लावते. पैठणीला तो लागू पडतो, कारण ती पुढच्या प्रत्येक कार्यात निघते. सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाची खूण असलेलं, लेबल बघून घ्यावी. नवरदेवाची शेरवानी मात्र भाड्याने आणा. विकत घेतलेल्या शेरवान्या माझ्याकडे पुतण्याच्या, भाच्याच्या मापाला करायला येतात, आणि आत मार्जिन नसतं.