अंतराळातला संडास मुलांना कसा समजावायचा

२०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर पोहोचले, तेव्हा लालबागच्या आमच्या वर्गातून पहिला प्रश्न आला, “बाई, ते तिकडे संडासला कुठे जातात?” वर्ग हसला. पण प्रश्न खरा आहे, त्याला पुरतं उत्तर द्यावं. मी कसं देते ते सांगते.

सुरुवात बाटलीपासून करा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, त्यावर बोट दाबून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडा. खाली कुणी उभं नाही ना, हे आधी बघा. पडताना धार थांबते! मुलं “पुन्हा, पुन्हा” करतात, चारपाच वेळा तरी दाखवा. बाटली आणि पाणी बरोबरच पडतात, म्हणून पाणी भोकातून बाहेर येत नाही. स्थानकही असंच पृथ्वीभोवती सतत पडत असतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ असं मुलांना कृपा करून शिकवू नका.

हे पटलं की संडास सोपा. आपल्याकडे मैला खाली पडतो आणि पाणी तो वाहून नेतं. तिथे दोन्ही होत नाही, म्हणून ते काम हवा करते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणा, ताटलीत कागदाचे कपटे ठेवा आणि नळी जवळ न्या. (पाणी ओढू नका, मोटर जळेल.) स्थानकावर लघवीसाठी नळीला नरसाळं असतं. शौचासाठी छोट्या आसनाखाली पिशवी लावतात, पंखा हवा आत खेचत राहतो. झालं की पिशवी बंद करून डब्यात ढकलायची. भरलेले डबे मालवाहू यानात जातात आणि ते यान वातावरणात जळून जातं. २०२० साली पाठवलेल्या नव्या संडासात आसन आणि नरसाळं बायकांना एकाच वेळी नीट वापरता येईल, असा आकार दिला आहे. हे मुलींसमोर मुद्दाम सांगते. आधीच्या अडचणीबद्दल बोलायला कुणी लाजू नये.

लघवीचं पाणी पुन्हा प्यायचं म्हटल्यावर “शी!” होतंच. तेव्हा मिठाचं पाणी मंद उकळा आणि झाकणाला आतून जमलेले थेंब गार झाल्यावर चाखायला द्या. खारट लागत नाहीत. तिथेही आधी असंच ऊर्ध्वपातन होतं, मग गाळणी आणि शुद्धीकरण. घाम आणि श्वासातली वाफसुद्धा गोळा करतात. २०२३मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला गेला. पहाटे उठून पिंप भरणाऱ्या आमच्या मुलांना या आकड्याची किंमत लगेच कळते.

आंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणं. केसांना पिशवीतलं थोडं पाणी आणि न धुता चालणारा शाम्पू लावायचा, चोळायचं, टॉवेलने टिपायचं. दात घासल्यावर पेस्ट गिळतात किंवा टॉवेलमध्ये थुंकतात.

शेवटी कुणीतरी विचारतंच, “आणि कपडे कोण धुतं?” कुणीच नाही. मळले की तेही त्याच मालवाहू यानात भरतात.