बोन मॅरो बायोप्सीचे बॅटरीवरील यंत्र: जिल्हा पातळीवर ते कसे वापरावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यामुळे बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातील मज्जेच्या, तपासणीसाठी धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णाला मुंबईपर्यंत न्यावे, त्यापेक्षा सुई इथेच टाकावी आणि लागला तर फक्त नमुना पुढे पाठवावा, हे बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचे ठरते. या कामासाठी हाताने फिरवायच्या सुईबरोबर आता बॅटरीवर चालणारे यंत्रही मिळते. त्या यंत्राने काम सुरू करणारे निवासी डॉक्टर, फिजिशियन, पॅथॉलॉजिस्ट आणि त्यांच्या शेजारी उभे राहणारे तंत्रज्ञ व परिचारिका यांच्यासाठी हा लेख आहे. ही प्रक्रिया जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हाताळून शिकायची असते. लेख वाचणे ही त्याची पूर्वतयारी समजावी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. यंत्र हाड भेदण्याचे कष्ट कमी करते, मात्र निदान ठरते ते ओढलेल्या मज्जेच्या पहिल्या अर्ध्या मिलिलिटरवर, काचेवर पसरलेल्या थरावर आणि फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याच्या लांबीवर. यंत्राने वाचवलेला वेळ या तीन ठिकाणी खर्च झाला, तरच त्याची किंमत वसूल होते, असे माझे ठाम मत आहे.

हाताच्या सुयांमध्ये ॲस्पिरेशनसाठी, म्हणजे सिरिंजने पातळ मज्जा ओढण्यासाठी, साला आणि क्लिमा, तर हाडाचा मज्जेसह तुकडा काढण्यासाठी (बायोप्सीसाठी) जमशिदी सुई आपल्याकडे सर्रास वापरली जाते. जमशिदी सुईचे वर्णन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिचा आराखडा मुळात आजही तोच आहे. बॅटरीवरील यंत्रांत ऑनकंट्रोल हे नाव सर्वांत परिचित आहे. ते विडाकेअर कंपनीने आणले आणि २०१३ मध्ये ती कंपनी टेलिफ्लेक्सने विकत घेतली. यंत्राचे दोन भाग असतात. हातात धरायच्या मुठीत मोटर आणि बॅटरी असते. ही मूठ पुन्हा पुन्हा वापरली जाते आणि ती निर्जंतुक नसते. सुई मात्र निर्जंतुक पाकिटातून येते आणि एकाच रुग्णासाठी असते. ॲस्पिरेशनसाठी साधारण १५ गेजची, तर बायोप्सीसाठी ११ गेजची सुई असते. सुताराच्या गिरमिटाप्रमाणे सुई एका दिशेने समान गतीने फिरत हाडात शिरते, त्यामुळे मनगटाने दोन्ही बाजूंना पीळ देत आणि अंगाचा भार टाकत सुई रेटावी लागत नाही.

याचा खरा फायदा कठीण हाडात दिसतो. मायलोफायब्रोसिससारख्या, मज्जा तंतूंनी भरून जाणाऱ्या आजारात किंवा धडधाकट तरुणात हाताची सुई अनेकदा तसूभरही पुढे सरकत नाही, डॉक्टर थकतो आणि शेवटी पाऊण सेंटिमीटरचा चुरगळलेला तुकडा हाती येतो. हाताची सुई आणि यंत्र यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांपैकी अनेकांत यंत्राने वेळ कमी लागला आणि तुकडा मोठा मिळाला. वेदनेबाबत मात्र सर्व चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे रुग्णाला “यंत्राने दुखत नाही” असे सांगू नये. सिरिंजने मज्जा ओढताना हाडाच्या आत जी कळ येते, ती स्थानिक भुलीने थांबत नाही आणि यंत्रानेही थांबत नाही.

तपासणी खरोखर हवी आहे का, हा प्रश्न यंत्र उघडण्यापूर्वीचा आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. त्याचे निदान रक्ताच्या एचपीएलसीने किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसने होते, त्यासाठी मज्जा काढावी लागत नाही. रक्तातील तिन्ही पेशी (तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट) कमी असलेल्या रुग्णात बी-१२ आणि फोलेटची कमतरता हे वारंवार आढळणारे आणि औषधाने बरे होणारे कारण आहे, म्हणून रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुईचा निर्णय घेऊ नये. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, उलगडा न होणारा दीर्घ ताप, मज्जेतील क्षयाची शंका किंवा ॲप्लास्टिक ॲनिमिया असेल, तर मात्र विलंब करू नये.

प्लेटलेट कमी असणे हे या तपासणीला नकार देण्याचे कारण नाही. जास्त वेळ दाब देऊन बहुतेक रक्तस्राव आटोक्यात राहतो. वॉरफरिन, हेपारिन, क्लोपिडोग्रेलसारखी औषधे चालू असणे किंवा हिमोफिलियासारखा गोठण्याचा दोष असणे हे अधिक काळजीचे आहे. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००१ या काळातील सुमारे ५४,८९० बायोप्सींच्या पाहणीत २६ गंभीर घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत सर्वाधिक रक्तस्रावाच्या होत्या. प्रमाण अत्यल्प आहे, पण औषधांची चौकशी टाळण्याइतके नाही. रुग्णाला औषधाचे नाव आठवत नसेल, तर गोळ्यांची पाकिटे घेऊन यायला आधीच सांगावे.

यंत्राच्या बाबतीत काही ठिकाणी स्पष्ट नकार द्यायला हवा. छातीच्या हाडात, म्हणजे स्टर्नममध्ये, हे यंत्र कधीही वापरू नये. ते हाड पातळ आहे आणि त्याच्या लगेच मागे हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. वृद्ध, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या किंवा मायलोमाने हाड पोखरलेल्या रुग्णात सुई अपेक्षेपेक्षा फार लवकर आत जाते. अशा वेळी मी हाताची सुईच सुचवीन, कारण प्रतिकार बोटांना थेट जाणवतो. लहान मुलांसाठी सुईची लांबी, जागा आणि भूल यांचा निर्णय बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञांबरोबर घ्यावा.

संमती रुग्णाच्या बोलीत घ्यावी. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा कर्मचारी प्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या डोक्याशी बसला, तर निम्मे काम सोपे होते. मोटरचा आवाज अनपेक्षितपणे पाठीमागून आला की रुग्ण दचकतो आणि नेमका त्याच क्षणी हलतो. म्हणून सुई लावण्याआधी यंत्र रुग्णासमोर एकदा चालवून दाखवावे आणि प्रत्यक्ष यंत्राची कळ (बटण) दाबण्यापूर्वीही “आप्पा, आते आवाज व्हई, घाबरू नका” असे सांगावे.

रुग्णाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावावे किंवा पालथे झोपवावे. कमरेच्या हाडाचा मागचा उंचवटा, म्हणजे पोस्टिरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइन, बोटांनी चाचपून पेनाने खूण करावी. स्थूल रुग्णात उंचवटा बोटांना लागत नसेल, तर सोनोग्राफीची मदत घ्यावी आणि लांब सुई मागवावी. त्वचा निर्जंतुक करून लिग्नोकेन द्यावे. २ टक्के लिग्नोकेनच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, त्यामुळे प्रति किलो ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेत राहायचे तर ४० किलोच्या रुग्णाला ६ मिलिलिटरपेक्षा जास्त देता येत नाही. आपल्याकडील कुपोषित, कमी वजनाच्या रुग्णांत हा हिशेब प्रत्येक वेळी करावा आणि जास्त जागा बधिर करायची असल्यास औषध १ टक्का करून घ्यावे. यातील मोठा वाटा हाडावरच्या आवरणाला मिळाला पाहिजे. सुईचे टोक हाडाला टेकवून, थोडे मागे घेऊन, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात औषध पसरावे आणि पुढे किमान ३ ते ५ मिनिटे थांबावे. घाईच्या ओपीडीत हे थांबणेच सर्वांत आधी गळते, आणि त्याची शिक्षा रुग्ण भोगतो.

औषध मुरेपर्यंत यंत्र तयार करता येते. निर्जंतुक हातमोजे घातलेल्या व्यक्तीने निर्जंतुक पिशवी तोंड उघडे ठेवून धरावी, सहाय्यकाने मूठ बाहेरच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता त्यात सोडावी, पिशवी बंद करावी आणि मग तिच्यावरील जोडणीला सुई बसवावी. बॅटरीचा निदर्शक दिवा आधी पाहावा. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून यंत्र गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. बॅटरी मध्येच थांबली तर काय, याचे उत्तर ट्रेवर आधीच असले पाहिजे: निर्जंतुक जमशिदी सुई प्रत्येक वेळी सोबत ठेवावी.

आता मुख्य कृती. त्वचेवर अणकुचीदार ब्लेडने २ ते ३ मिलिमीटरचा छेद घ्यावा. हाताच्या सुईला हा छेद कधी कधी नसला तरी चालतो, फिरत्या सुईला मात्र तो हवाच, कारण त्याशिवाय त्वचा सुईभोवती गुंडाळली जाते. त्याच कारणाने गॉजचे धागे, ड्रेपची कड आणि हातमोज्याचे बोट सुईपासून दूर ठेवावे. त्वचा आणि स्नायू यांतून सुई हाताच्या दाबानेच न्यायची असते. टोक हाडाला टेकल्याची खात्री झाल्यावरच कळ दाबावी. सुईची दिशा त्याच बाजूच्या कमरेच्या पुढच्या उंचवट्याकडे, म्हणजे किंचित बाहेर, असावी. ती मध्यरेषेकडे वळली, तर सॅक्रोइलियाक सांध्यात शिरू शकते.

कळ दाबल्यावर हलका आणि सरळ दाब ठेवावा. जोराने रेटले तर मोटर मंदावते आणि सुई वाकू शकते. मोटर थांबत असेल, तर दाब कमी करावा. बाहेरचा कठीण थर ओलांडताच प्रतिकार अचानक कमी होतो. त्या क्षणी कळ सोडावी. ॲस्पिरेशनसाठी तिथून साधारण १ सेंटिमीटर आत जाऊन यंत्र सुईपासून अलग करावे, स्टायलेट, म्हणजे सुईच्या आतली भरीव सळई, काढावे आणि सिरिंज जोडावी. रुग्णाला “आता दुखेल” असे सांगून एकदाच, झटक्याने ओढावे आणि पहिल्या खेपेला ०.५ मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये. जास्त ओढले की रक्त मिसळते, पेशींचे प्रमाण खोटे दिसते आणि अहवालावर “रक्तमिश्रित नमुना” असा शेरा येतो. ही पहिली ओढ फक्त काचांसाठी आहे. दुसऱ्या सिरिंजमधील मज्जा फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार ओळखण्यासाठी) ईडीटीए नळीत आणि सायटोजेनेटिक्ससाठी (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी) हेपारिन नळीत जाते. क्षयाची किंवा अन्य संसर्गाची शंका असल्यास कल्चरसाठीचा भाग त्याआधीच वेगळा करावा.

काचा तिथेच, रुग्णाच्या खाटेजवळ बनवाव्यात. मज्जेचे कण दिसतात का, हे तंत्रज्ञाने मोठ्याने सांगावे, म्हणजे डॉक्टरला जागा बदलायची की नाही ते तेव्हाच कळते. कण दिसत नसतील, तर लगेच दिशा थोडी बदलून पुन्हा एकदा ओढावे. तरीही काही आले नाही, तर तीही माहितीच आहे: फायब्रोसिस किंवा पेशींनी गच्च भरलेली मज्जा असू शकते, आणि मग सारी भिस्त तुकड्यावर राहते.

तुकडा त्याच छेदातून, पण हाडावर सुमारे १ सेंटिमीटर बाजूला सरकून घ्यावा, अन्यथा ॲस्पिरेशनने झालेला रक्तस्राव तुकड्यात दिसतो. कठीण थर ओलांडल्यावर स्टायलेट काढून पोकळ सुई त्याच रेषेत, समान गतीने, एका दमात पुढे न्यावी; मध्येच दिशा बदलली तर तुकडा तुटतो. किती खोल जायचे हे सुईवरच्या खुणांवरून आधीच ठरवावे, कारण यंत्राच्या वेगात अंदाज चुकतो. बाहेर काढताना सुई त्याच दिशेने फिरत ठेवून सरळ मागे घ्यावी. नेमका क्रम त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे पाळावा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रयोगशाळेतील प्रक्रियेपूर्वी तुकडा किमान २ सेंटिमीटर असावा. तो पट्टीने मोजावा, नजरेने नव्हे, आणि त्यात बाहेरचा कठीण थर किंवा कूर्चा किती आहे तेही पाहावे. लांबी कमी भरली तर भूल उतरण्यापूर्वीच दुसरा तुकडा घ्यावा.

फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी तुकडा काचेवर अलगद टेकवून किंवा लोळवून दोन-तीन ठसे घ्यावेत. मज्जा ओढली गेली नसेल, तेव्हा पेशींचे रूप या ठशांतच पाहायला मिळते. फॉर्मॅलिनची बाटली तोवर बंद आणि काचांपासून दूर असावी, कारण तिच्या वाफेनेही ओल्या स्मिअरचा रंग बिघडतो. जनुकीय चाचणी त्याच तुकड्यावर करायची शक्यता असेल, तर प्रयोगशाळेला तसे लिहून कळवावे, म्हणजे तीव्र आम्लाऐवजी ईडीटीएने कॅल्शियम काढता येते. नळ्या मुंबई-पुण्याला पाठवायच्या असतील, तर थर्माकोलच्या खोक्यात थंड पॅक आणि नळी यांच्यामध्ये कापडाचा थर ठेवावा. नळी गोठू देऊ नये आणि उन्हाळ्यात दुपारच्या गाडीपेक्षा रात्रीची निवडावी. शनिवारी काढलेला नमुना रविवारी बंद प्रयोगशाळेच्या दारात पडून राहणार असेल, तर तातडी नसल्यास प्रक्रियाच सोमवारी ठेवावी.

सुई काढल्यावर किमान ५ मिनिटे थेट दाब द्यावा, प्लेटलेट कमी असल्यास अधिक, आणि रुग्णाला अर्धा तास त्या जागेवर भार देऊन पाठीवर झोपवावे. ड्रेसिंग २४ तास कोरडे ठेवायचे असते. शहाद्यापलीकडे एसटीने जाणाऱ्या रुग्णाला निघण्यापूर्वी पुन्हा एकदा ड्रेसिंग पाहूनच सोडावे. वाढती कंबरदुखी, पायात मुंग्या, चक्कर, ताप किंवा ड्रेसिंगमधून रक्त आले तर कोणत्या जवळच्या रुग्णालयात जायचे, हे नातेवाइकांना लिहून द्यावे.

वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यात टाकावी. ती महाग आहे म्हणून धुऊन पुन्हा वापरण्याचा विचारही करू नये. मूठ ऑटोक्लेव्हमध्ये किंवा द्रावणात बुडवायची नसते. ती जंतुनाशकाने पुसून कोरडी ठेवावी. त्यानंतर रजिस्टरमध्ये जागा, सुईचा गेज, हाताने की यंत्राने, कण मिळाले की नाही आणि तुकड्याची लांबी मिलिमीटरमध्ये नोंदवावी, आणि पॅथॉलॉजीचा अहवाल आला की नमुना पुरेसा होता का, हे त्याच ओळीत लिहावे.